फाळक्यांचा जमाखर्च

आजचा विषय ठरवताना आम्ही थोडे बिचकलो होतो. दादासाहेब फाळके हे नाव घेतलं की समोरच्यांच्या चेहऱ्यावर एक भाव येतो, 'हे माहीत आहे, पुढचं सांगा.' शाळेत धडा असतो, ३ मेला वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि २००९ साली परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आल्यापासून तर ही कथा घरोघरी पोचली. चांगला चाललेला धंदा सोडला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, बायकोचे दागिने गेले, आणि 'राजा हरिश्चंद्र' झाला. ('पुंडलिक' आधी की 'हरिश्चंद्र' आधी, तो वाद आज नको. त्याला एक वेगळी संध्याकाळ लागेल.)

ही गोष्ट खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. आमची तक्रार एवढीच की ती तीन मिनिटांत सांगून होते. आणि इथे व्याख्यान संपलं की दर वेळी कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी मागे थांबते, जरा आढेवेढे घेते आणि विचारते, नोकरी सोडून आवडीचं करावं का हो? तेव्हा हाच तीन मिनिटांचा दाखला तोंडावर येतो. कधी त्यांच्या, कधी आमच्या. म्हणून आज ठरवलं की फाळक्यांची थोरवी बाजूला ठेवायची आणि त्यांची खतावणी उघडायची. पैसे कुठून आले, कोणाचे होते, कशावर गेले, आणि कोणी कोणी ते फेडले.

सुरुवात जमेच्या बाजूने करू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. घर शास्त्र्यांचं. वडील संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईत शिकवायची नोकरी मिळाली म्हणून कुटुंब मुंबईला आलं. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथून बडोद्याला, कलाभवनात. कलाभवन म्हणजे प्राध्यापक गज्जरांची संस्था, जिथे चित्रकलेइतकंच महत्त्व रसायनाला आणि छपाईला होतं. तिथे फाळक्यांनी चित्रं काढली, मूर्ती घडवल्या, फोटोग्राफी शिकली, ब्लॉक करायला शिकले.

आता पोटाचं बघा. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला आणि १९००च्या सुमाराला पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली. स्टुडिओ बंद. परत बडोदा. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की अंगातली शक्ती जाते, आयुष्य कमी होतं, अशी समजूत तेव्हा लोकांत होती, त्यामुळे तिथेही धंदा बसेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले, आणि तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटं वाचा, केळफा होतं. १९०२ साली दुसरं लग्न झालं. माहेरच्या गिरिजा करंदीकर, सासरच्या सरस्वतीबाई. या नावाकडे आपल्याला पुन्हा पुन्हा यायचं आहे. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. म्हणजे तेहेतिसाव्या वर्षी पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार. ती तीनेक वर्षं टिकली. वंगभंगानंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि फाळक्यांनी सरकारची चाकरी सोडली.

त्यानंतर लोणावळ्याला छापखाना, एन्ग्रेव्हिंगचं काम. पुढे तो दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावारूपाला आला. १९०९ साली तीनरंगी छपाई शिकायला आणि यंत्रं बघायला जर्मनीला गेले. धंदा खरोखरच चांगला चालला होता. आणि मग भागीदाराशी बिनसलं. फाळके बाहेर पडले, आणि बाहेर पडताना त्यांच्या हातात फारसं काही आलं नाही. दुसऱ्यांनी भांडवल देऊ केलं, नवीन छापखाना काढा म्हणाले. ते त्यांनी घेतलं नाही.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, धरसोड. त्या काळच्या नातेवाइकांनी म्हटलंच असणार. पण आपण आता १९१३च्या बाजूने मागे वळून बघतो आहोत, तेव्हा दुसरंच काहीतरी दिसतं. मूकपटाच्या जमान्यात एकट्या माणसाला सिनेमा करायचा तर काय काय यायला हवं होतं? कॅमेरा, भिंग, उजेड यांची समज: गोध्रा. फिल्म धुवायची, छापायची तर रसायनं हवीत: कलाभवन आणि छापखाना. मागचे पडदे, महाल, जंगल: नाटकांचे रंगवलेले पडदे. देव अचानक प्रकट होणार आणि गुप्त होणार: प्रोफेसर केळफा. जुनी देवळं, वेशभूषा, शिल्पं यांचा अभ्यास: पुरातत्त्व खातं. आम्हाला विचाराल तर फाळक्यांचं सगळ्यात मोठं भांडवल हेच होतं. पोटासाठी धरलेल्या आणि सुटलेल्या सात-आठ धंद्यांमधून ते साठत गेलं होतं. त्यातला एकही धंदा त्यांनी सिनेमासाठी शिकला नव्हता.

म्हणून 'चाळिशीत सगळं सोडून उडी मारली' हे वर्णन आम्हाला पटत नाही. चाळिशीपर्यंत जे जे केलं ते सगळं कनवटीला बांधून ते निघाले होते.

आता १९१०-११. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. तिथे ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला आणि पडद्यावर त्यांना कृष्ण, गोकुळ, राम, अयोध्या दिसायला लागलं. हे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखमालेत लिहून ठेवलंय. ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पुढचे महिने फारसे कुणी सांगत नाही. भागीदारी सुटलेली, मिळकत नाही, आणि हा माणूस रोज चित्रपट बघतो आहे, पुस्तकं मागवतो आहे, घरी प्रयोग करतो आहे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. पण ज्याच्या डोळ्यांवर घर चालणार त्याचेच डोळे गेलेत, हे दिवस सरस्वतीबाईंनी कसे काढले असतील याची खतावणीत नोंद नाही.

इथे ती विम्याची पॉलिसी येते. विलायतेला जाऊन यंत्रं आणायची, तंत्र बघायचं, तर पैसा हवा. फाळक्यांकडे १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी होत्या. त्या तारण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले. आपण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ निसटतो, म्हणून जरा थांबू.

पहिली गोष्ट, १९१२ सालच्या माणसाकडे बारा हजारांचा विमा असणं ही साधी बाब नव्हती. याचा अर्थ ज्या वर्षांना आपण धरसोडीची म्हणतो त्या वर्षांत घरात नेमाने हप्ते भरले जात होते. हा माणूस उडाणटप्पू नव्हता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घर गहाण टाकलं तर घर जातं. आयुर्विमा गहाण टाकला तर काय जातं? सावकाराचा हिशेब सरळ आहे: माणूस जगला तर तो फेडेल, मेला तर पॉलिसी फेडेल. सावकार दोन्हीकडून सुरक्षित. उघडे पडतात ते त्या पॉलिसीचे खरे धनी, म्हणजे बायको आणि मुलं. फाळक्यांनी स्वतःचं काही गहाण टाकलं नाही, कारण स्वतःचं असं फार उरलंच नव्हतं. आपण गेलो तर घरच्यांना जे मिळायचं ते त्यांनी गहाण टाकलं. ज्या घरावर प्लेगचा घाला पडून गेला होता, त्या घरातल्या माणसाला आपण मरू शकतो हे काही नव्याने सांगायला नको होतं.

आम्ही हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. पण 'फाळक्यांनी सर्वस्व पणाला लावलं' या वाक्यात सर्वस्व कोणाचं होतं, एवढं आपण नीट म्हटलं पाहिजे.

फेब्रुवारी १९१२ला ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न भेटले. ओळख ना पाळख, थेट कचेरीत जाऊन भेटले. कॅबोर्ननी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला. विलायतेतच निर्माते बुडताहेत, तुमच्या हवेत हे कसं जमणार? पण माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या वॉल्टनच्या स्टुडिओत फाळक्यांनी काम बघितलं. मग विल्यमसन कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये झाले. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले. मौजमजा नाही, रेंगाळणं नाही. दहा हजारांतला रुपयान् रुपया मोजून वापरलेला दिसतो.

परत आल्यावर मात्र चित्रपट काढायला पैसे नव्हते! यंत्र आलं, पण कथा उभी करायला, माणसं ठेवायला, कपडे शिवायला, फिल्म विकत घ्यायला भांडवल कुठून आणणार? इथे फाळक्यांनी जे केलं ते आम्हाला त्यांच्या सगळ्या कर्तबगारीत फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी कुणाला पौराणिक चित्रपटाची कथा ऐकवली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्या रोपट्याचं एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर लावलं तेव्हा मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढली, सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ'. ते त्यांनी निवडक लोकांना घरी बोलावून दाखवलं. त्यांच्यातून यशवंतराव नाडकर्णी आणि आणखी काही मंडळी कर्ज द्यायला तयार झाली.

आज याला कुणी 'पायलट' म्हणेल, कुणी 'डेमो'. सावकाराला त्यातून काय दिसलं? यंत्र चालतं, फिल्म धुता येते, छापता येते, पडद्यावर दाखवता येते, आणि हा माणूस महिनाभर एका कुंडीसमोर चिकाटीने बसू शकतो. खर्च किती? एक वाटाणा आणि थोडी फिल्म.

शिवाय सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. पण आमच्या मते दागिन्यांनी सरस्वतीबाईंचा वाटा झाकला गेलाय. दागिने दिले म्हटलं की त्यागमूर्ती वगैरे म्हणून आपण मोकळे होतो. त्यांनी काम काय केलं ते बघा. तेव्हा कच्ची फिल्म सपाट यायची, कडेची भोकं आपण पाडायची. ती पाडायची पूर्ण अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म फुकट. आणि एक भोक वाकडं पडलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. हे काम सरस्वतीबाई रात्री करत. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा. फिल्म धुण्याची रसायनं कालवत. आणि सगळी मंडळी दादरच्या घरीच राहायला-जेवायला असल्यामुळे सगळ्यांचा स्वयंपाकही त्याच बघत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. आता हिशेब मांडा. तंत्रज्ञ एक, उजेडवाला एक, रसायनवाला एक, खानावळवाला एक, बालनट एक. पगार शून्य. हा आकडा कुठल्याच वहीत चढलेला नाही, पण तो नसता तर नाडकर्ण्यांचं कर्ज चार महिन्यांत संपलं असतं.

पगाराचा विषय निघालाच आहे म्हणून. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, कोठ्यांवर जाऊन विचारलं, कुणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले. नाजूक बोटं, सडपातळ बांधा. त्यांना तिथे महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. तारामती पाच रुपयांच्या फरकावर उभी राहिली. तो विल्यमसन कॅमेरा आठवतोय? साळुंक्यांचा पन्नास महिन्यांचा पगार म्हणजे तो एक कॅमेरा. अण्णा साळुंक्यांचं स्वप्न काय होतं, ते कुणी विचारलेलं नाही. पण पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं त्यांनीच केली, एवढं खरं.

सहा महिने आणि २७ दिवसांत ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. खर्च साधारण १५,००० रुपयांचा सांगतात. २१ एप्रिल १९१३ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ, आणि ३ मेला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी. तो २३ दिवस चालला. तेव्हा चित्रपट तीन-चार दिवसांत बदलत, हे लक्षात घ्या.

सुरतेचा एक किस्सा सांगतात. पहिल्या खेळाला तीन रुपयांचा गल्ला. थिएटरवाला म्हणाला, इथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय, तुमच्या तासा-दीड तासाला तीन आणे कोण देईल? दर कमी करा. फाळक्यांनी दर तोच ठेवला आणि जाहिरात बदलली: ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, तीन आण्यांत. गर्दी लोटली. (३,७०० फूट म्हणजे दोन मैल नव्हेत, पाऊण मैलही नाही पुरता. जादूगार कुठेतरी शिल्लक होताच.) माल तोच, पण गिऱ्हाईक काय मोजून पैसे देतं हे त्यांना कळलं होतं. फाळके धंद्यात कच्चे होते असं जे म्हणतात त्यांनी हा किस्सा जरूर आठवावा.

इथे एक आडवळण घेतो. फाळके जे. जे.मध्ये गेले जवळजवळ त्याच काळात दुसरा एक मुलगा तिथे चित्रकार व्हायला आला होता. दोन वर्षांत कळलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपण, म्हणजे खेळ खलास. तो यांत्रिक ड्रॉइंगकडे वळला, व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला, बढतीत डावलला गेला, नोकरी सोडून बेळगावला आला. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं, सायकली विकल्या, शिकवल्या, दुरुस्त केल्या, आणि त्या दुकानाच्या आधाराने कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर पहिली दोन वर्षं विकला जाईना. शेतकऱ्यांना वाटायचं लोखंडाने जमीन नासते. ती दोन वर्षं तगता आलं, कारण पोट नांगरावर नव्हतं. १९१०ला औंधच्या राजांनी जागा दिली, कर्ज दिलं, किर्लोस्करवाडी झाली. दहा वर्षांनी त्याची लिमिटेड कंपनी झाली.

तुलना करणं जरा अन्यायाचं आहे, आम्हाला कळतं. नांगराला शेतकरी थांबू शकतो, चित्रपटाला उद्या नवीन चित्रपट लागतो. पण एक फरक डोळ्यात भरतो. किर्लोस्करांचं एक काम दुसऱ्या कामाला पोसत होतं. फाळक्यांचं एक काम दुसऱ्याला शिकवत होतं, पण पोसत नव्हतं. दर वेळी मागचं दार बंद करूनच ते पुढचं उघडत.

पुन्हा नाशिककडे येऊ. १९१३च्या अखेरीला फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. 'सत्यवान सावित्री' झाला. १९१४ला हे तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं आणि हेपवर्थकडून इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढण्याचा प्रस्तावही आला. चांगला पगार, नफ्यात वाटा, डोक्याला ताप नाही. फाळक्यांनी नाही म्हटलं. नाशिकला त्यांची माणसं होती, कारखाना होता. आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं.

बघा, गंमत काय होते. पहिला चित्रपट काढताना फाळक्यांच्या हातात काहीच नव्हतं तरी पैसा मिळाला. तीन चित्रपट यशस्वी झाल्यावर, नाव झाल्यावर, हातात कारखाना असताना पैसा मिळेना. कच्ची फिल्म बाहेरून येणार, युद्धात ती महाग आणि दुर्मिळ. पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला. आणि आता नाशिकला पगारावर माणसं होती. एकटा माणूस उपाशी राहू शकतो, पण पगारपत्रकाला उपास घडत नाही. स्वप्न छोटं असतं तेव्हा त्याला एक धाडसी सावकार पुरतो. ते चालू धंदा झालं की त्याला महिन्याच्या महिन्याला पैसा लागतो. दागिन्यांच्या गोष्टीत हे कधीच येत नाही, कारण ती गोष्ट ३ मे १९१३ला संपते.

फाळके संस्थानांमधून चित्रपटांचे खेळ करत हिंडले, पैसे उभे केले. १९१७ला 'राजा हरिश्चंद्र' पुन्हा चित्रित केला, 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची छोटी फिल्म केली, आणि त्याच वर्षी 'लंकादहन' आला. तो तुफान चालला. मद्रासकडे तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात नेल्याचं सांगतात.

आता मात्र पैसा दारात आला. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा, शेठ मनमोहनदास रामजी यांनी फाळक्यांच्या उद्योगाची मोठी लिमिटेड कंपनी करायचा विषय काढला. ते जमलं नाही. त्याऐवजी १९१८च्या सुरुवातीला पाच भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली: वामन आपटे, मायाशंकर भट, फाटक, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर. त्यांचं भांडवल, फाळक्यांचं काम. 'श्रीकृष्णजन्म' झाला, पाठोपाठ 'कालियामर्दन', ज्यात फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. दोन्ही गाजले. आणि वर्ष-दीड वर्षात भांडण.

या भांडणात फाळक्यांचे चाहते भागीदारांना खलनायक करतात. आम्ही तसं करणार नाही. भागीदारांचं म्हणणं काय होतं? खर्चाचा अंदाज द्या, चित्रपट किती दिवसांत होईल सांगा. पैसे घालणाऱ्याने हे विचारू नये तर काय विचारावं? फाळक्यांचं म्हणणं, चित्र मनासारखं होईपर्यंत मी थांबणार नाही, आणि कारखान्यात हुकूम एकाचाच चालेल. ज्या माणसाने भोकं पाडण्यापासून सगळं स्वतः केलं, त्याने असं म्हणू नये तर काय म्हणावं? दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि करारात दोन्हींना जागा नव्हती. दादरच्या छापखान्यातही हेच झालं होतं. फाळक्यांना पैसा मिळवता यायचा, हे आपण वाटाण्याच्या वेलीपासून पाहिलं. पैसा देणाऱ्याबरोबर राहता यायचं नाही.

ते सगळं सोडून कुटुंबासह काशीला गेले. वय पन्नास. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, नाटकधंद्यावरचं विडंबन, इतकं लांबलचक की प्रयोग तुकड्यांत करावा लागला. पडलं. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर आणि इतर मंडळी परत या म्हणून मागे लागली होतीच. १९२२-२३च्या सुमाराला फाळके आपण स्थापलेल्या कंपनीत परत आले, पगारी नोकर म्हणून. पुरातत्त्व खातं सोडून स्वदेशीसाठी बाहेर पडलेला माणूस सोळा वर्षांनी पुन्हा पगारपत्रकावर सही करू लागला. आम्हाला यात शोकांतिका दिसत नाही, खरं सांगायचं तर थोडा दिलासा वाटतो. घरात मुलं होती. त्या वर्षांत सरस्वतीबाईंना महिन्याची पहिली तारीख कळत होती.

पण तिथेही खटके उडालेच, आणि ते पुन्हा बाहेर पडले. मायाशंकर भटांच्या पैशावर 'सेतुबंधन' सुरू केला. तो अडला, थांबला, पुन्हा सुरू झाला. पैशासाठी थांबण्यात किती मोल मोजावं लागतं, ते इथे दिसतं. तो चित्रित होत असताना, १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. १९३२ला 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार होऊन उभा राहिला तेव्हा त्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' गर्दी खेचत होता. कथा कोणती? हरिश्चंद्राची. बोलणारा हरिश्चंद्र. 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला.

१९३७ला कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला. पैसा कोल्हापूर दरबारचा. तो फाळक्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट.

त्यानंतरची वर्षं नाशिकला. दुसरं महायुद्ध चालू होतं, कच्ची फिल्म पुन्हा दुर्मिळ झाली होती, आणि या वेळी ती परवान्याशिवाय मिळत नव्हती. त्र्याहत्तर वर्षांच्या फाळक्यांनी चित्रपट काढण्याच्या परवानगीसाठी सरकारकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ला ते गेले.

'राजा हरिश्चंद्र'च्या ज्या थोड्या रिळी आज उरल्या आहेत त्या १९१३च्या की १९१७च्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुठल्याही असल्या तरी एकदा त्या नीट बघा, आणि पात्रांच्या तोंडावर जिथे जिथे उजेड पडलाय तिथे चौकटीच्या बाहेर चादर धरून कोण उभं असेल याचा विचार करा.

चला, वेळ होत आली. मागच्या रांगेत दोन हात वर दिसताहेत. आता प्रश्न घेऊ.